दिवे डोळ्यांत खुपतात म्हणून झोप उशिरा येते का?

प्रश्न विचारणारा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. त्याला पहाटे तीन-चारच्या आत झोप लागत नाही. सकाळी उठणं जिवावर येतं, पण सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत गाढ झोप होते आणि उठल्यावर तो ताजातवाना असतो. अंधार पडल्यावर पांढरे दिवे त्याच्या डोळ्यांत खुपतात. ‘माझे डोळे प्रकाशाला जास्त संवेदनशील आहेत म्हणूनच माझी झोप उशिरा सरकली आहे का? आणि याच विषयावर प्रबंध करायचा तर अभ्यास कसा आखू?’ असं त्याने विचारलं आहे. झोपेच्या विकारांवर मी बरीच वर्षं काम करते आहे, त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की, संवेदनशीलता हे कारण असू शकतं. पण दिवे खुपतात यावरून ते ठरत नाही. दिवा खुपणं आणि दिव्यामुळे जैविक घड्याळ हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायला गेलात तर प्रबंधाचा पायाच कच्चा राहील.

आपल्याला दिसतं ते डोळ्यातल्या शंकूपेशी आणि दंडपेशींमुळे, हे शाळेत शिकलेलं असतं. पण दृष्टिपटलात एक तिसरी यंत्रणा आहे. मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लिऑन पेशींपैकी मोजक्या पेशींमध्ये मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्या स्वतःच प्रकाश टिपतात. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दृष्टिपटलावर हे थेट दाखवलं. मेलानोप्सिनचा सर्वाधिक प्रतिसाद सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला असतो. या पेशींचे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियसला जातात. जेमतेम २०,००० चेतापेशींचा हा पुंजका शरीराचं मुख्य घड्याळ चालवतो. ही वाट दिसण्याच्या वाटेपासून किती वेगळी आहे याचा पुरावा अंधांमध्ये मिळाला. चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं, की ज्यांना प्रकाशाची जाणीवही होत नाही अशा काही अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर तीव्र प्रकाश टाकला तर त्यांचं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण शरीराला देणारं संप्रेरक, घटतं.

उलट टोकाला मायग्रेनचे रुग्ण असतात. त्यांना प्रकाश अक्षरशः दुखतो, पण त्यात वेदनेच्या चेतामार्गाचा मोठा वाटा असतो. तेव्हा तुम्हाला छताचा दिवा नकोसा वाटतो ही खरी तक्रार आहे, ती नेत्रतज्ज्ञांना जरूर सांगा, पण तुमचं घड्याळ किती संवेदनशील आहे याचं ते मोजमाप नव्हे. शेजारचा मंद पिवळा टेबललॅम्प अजिबात न खुपता तुमचं घड्याळ उशिराकडे ढकलत असेल, असंही होऊ शकतं.

आता विकाराबद्दल. ज्याला डिलेड स्लीप फेज डिसऑर्डर, म्हणजे डीएसपीडी म्हणतात, त्याचं पहिलं व्यवस्थित वर्णन १९८१ मध्ये एलियट वाइट्झमन, झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी केलं. तोवर अशा लोकांना सरसकट निद्रानाशाच्या खात्यात टाकलं जाई. फरक असा की यांची झोप बिघडलेली नसते, तिची वेळ चुकलेली असते. स्वतःच्या वेळेवर झोपू दिलं तर झोप पुरेशी आणि चांगली होते. निदानासाठी ही तक्रार किमान तीन महिन्यांची हवी आणि झोपेची नोंदवही किंवा मनगटावरचा ॲक्टिग्राफ (हालचालींवरून झोप-जाग नोंदवणारं यंत्र) किमान सात दिवस, शक्यतो चौदा दिवस हवा. त्यात सुट्टीचे दिवस यायलाच हवेत, नाहीतर गजराने लादलेली वेळच हातात येते. किशोरवयात आणि विशीच्या आसपास सगळ्यांचीच लय उशिराकडे झुकते. म्हणून विद्यार्थ्यांमधून रुग्ण निवडताना नुसता ‘रात्रीचा माणूस’ आणि ज्याचं कॉलेज, नोकरी, घर या वेळेमुळे कोलमडतं आहे असा रुग्ण, यांत भेद करायला विसरू नका.

झोप उशिरा का सरकते, याची कारणं एकाहून जास्त आहेत, आणि तुमचा प्रबंध त्यांपैकी एकावर आहे याचं भान सतत ठेवा. माणसाच्या घड्याळाचा स्वतःचा फेरा सरासरी २४ तासांहून थोडा मोठा, सुमारे २४.२ तासांचा असतो. तो ज्यांचा आणखी लांब आहे त्यांना रोज जास्त अंतर भरून काढावं लागतं. २०१७ मध्ये मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळेतून सीआरवाय१ या जनुकातल्या एका बदलाचा शोध प्रसिद्ध झाला. त्या बदलाने घड्याळाचा फेरा लांबतो आणि तो असलेल्या कुटुंबांत उशिराची झोप पिढ्यांमधून दिसते. दुसरं कारण झोपेच्या दाबाचं: दिवसभर जागल्यावर साठणारी झोपेची ओढ काहींमध्ये संथपणे वाढते, आणि किशोरवयात तर ती तशी वाढतेच. तिसरं कारण निव्वळ सवयीचं, ज्यात रात्रीची शांतता हवीहवीशी वाटणं आणि सकाळी टाळावंसं काहीतरी असणं हेही आलं. प्रकाशाची संवेदनशीलता हे चौथं. ही कारणं एकाच माणसात एकत्र नांदतात, म्हणून ‘डीएसपीडीचं कारण’ असा एकवचनी शब्दप्रयोग मी माझ्या विद्यार्थ्यांच्या मसुद्यांतून खोडते.

संवेदनशीलतेच्या बाजूने पुरावा मात्र चांगला आहे. २००१ मध्ये आओकी, ओझेकी आणि यामादा या जपानी संशोधकांनी रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांना रात्री दोन तास १,००० लक्सचा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) प्रकाश दिला. रुग्णांचं मेलाटोनिन जास्त दबलं. या अभ्यासातली मला आवडणारी गोष्ट ही की प्रकाश सगळ्यांना एकाच घड्याळी वेळी दिलेला नव्हता, प्रत्येकाच्या मेलाटोनिनच्या शिखराची वेळ पाहून दिला होता. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शॉन केन यांच्या गटाने मेलाटोनिनच्या पुढे जाऊन लय प्रत्यक्ष किती सरकते ते पाहिलं. प्रकाश होता १५० लक्सचा, म्हणजे साध्या खोलीतल्यासारखा. रुग्णांची लय निरोगी गटापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त उशिराकडे सरकली. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण कुणीही रात्री १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसत नाही. खोलीतल्या दिव्याने फरक पडत असेल तरच ही गोष्ट रोजच्या जगण्यात कारण ठरते.

त्याच गटाचं २०१९ चं काम तुम्ही मुळातून वाचायलाच हवं. एकाच माणसाला वेगवेगळ्या रात्री वेगवेगळ्या तीव्रतेचा संध्याकाळचा प्रकाश देऊन त्यांनी प्रत्येकाचा स्वतंत्र आलेख काढला. मेलाटोनिन निम्म्याने दाबायला सरासरी २५ लक्सदेखील लागले नाहीत. आणि माणसामाणसांतला फरक पन्नास पटींहून जास्त निघाला: सर्वांत संवेदनशील व्यक्तीला सुमारे ६ लक्स पुरले, सर्वांत कमी संवेदनशील व्यक्तीला ३५० लागले. हे सगळे निरोगी तरुण होते. म्हणजे निरोगी माणसांतच इतकी तफावत असेल, तर पंधरा रुग्ण आणि पंधरा निरोगी असे दोन गट घेऊन सरासऱ्यांची तुलना करताना केवढं नशीब लागेल याचा विचार करा.

इथून पुढे माझं म्हणणं. संवेदनशीलता हा माणसाला जन्मतः चिकटलेला आकडा नाही. ती त्याच्या लयीच्या कोणत्या क्षणी मोजली आणि त्याआधीचे दिवस त्याने किती उजेडात काढले, यावर ती अवलंबून असते. या दोन गोष्टी बांधून न घेता मोजमाप केलंत तर तुम्ही रुग्णाचा डोळा मोजणार नाही, त्याची दिनचर्या मोजाल.

आधी उजेडाचा पूर्वेतिहास. एबेर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याच व्यक्तींना एक आठवडा भरपूर प्रकाशात आणि एक आठवडा मंद प्रकाशात ठेवून पाहिलं. मंद आठवड्यानंतर तोच रात्रीचा प्रकाश मेलाटोनिन जास्त दाबत होता. २०११ मध्ये चँग, शीर आणि झाइस्लर यांनी हेच प्रयोगशाळेत काटेकोरपणे केलं: काही दिवस १ लक्समध्ये राहिलेल्यांची यंत्रणा ९० लक्समध्ये राहिलेल्यांपेक्षा पुढच्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देते. आता डीएसपीडीच्या रुग्णाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तो बारा वाजता उठतो. पडदे ओढलेले असतात. बाहेर पडतो तेव्हा दुपार कलायला लागलेली असते. सकाळचा सगळा उजेड त्याच्या झोपेतच निघून गेलेला असतो, आणि उरलेला जागेपणीचा बराच काळ तो दिव्यांखाली असतो. असा माणूस आठवडाभर नेमाने बाहेर फिरणाऱ्या निरोगी स्वयंसेवकापेक्षा जास्त संवेदनशील निघाला, तर त्यात आश्चर्य ते काय? प्रश्न असा उरतो की संवेदनशीलतेमुळे तो उशिरा झोपतो, की उशिरा झोपल्यामुळे संवेदनशील झाला आहे. दोन्ही खरं असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. तसं असेल तर हे चक्र स्वतःला पोसत राहतं, आणि कोणत्या टोकाला धरून ते तोडायचं हा उपचारांचा खरा प्रश्न आहे.

मग वेळ. प्रकाशाचा परिणाम चोवीस तासांत एकसारखा नसतो. शरीराचं तापमान रात्रीत ज्या क्षणी सर्वांत खाली जातं, त्याच्या आधीच्या तासांत मिळालेला प्रकाश लय उशिराकडे ढकलतो आणि नंतरच्या तासांत मिळालेला अलीकडे ओढतो. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तासांवर हा क्षण येतो. रात्री अकराला झोपून सातला उठणाऱ्याचा तो चार-पाचच्या सुमारास, तर पहाटे चारला झोपून बाराला उठणाऱ्याचा तो नऊ-दहाच्या सुमारास असतो. म्हणजे ‘रात्री दहा वाजता सर्वांना दोन तास प्रकाश’ असा प्रयोग आखलात तर निरोगी माणसाचं मेलाटोनिन तेव्हा चढायला लागलेलं असेल आणि रुग्णाचं चढायला अजून साधारण चार तास असतील. जे अजून पाझरायलाच लागलेलं नाही ते दाबणार काय? अशा आराखड्यात रुग्ण ‘कमी संवेदनशील’ निघतील आणि तो निष्कर्ष निव्वळ घड्याळाकडे पाहून प्रयोग केल्याचा असेल. प्रकाशाची वेळ प्रत्येकाच्या स्वतःच्या लयीवरून ठरवा.

ती लय कळण्यासाठी डीएलएमओ काढावा लागतो, म्हणजे मंद प्रकाशात मेलाटोनिन चढायला लागण्याची वेळ. नेहमीच्या झोपेआधी ती साधारण दोन तास येते. ऐकायला सोपं वाटतं, पण निम्मे अभ्यास इथे घसरतात, म्हणून जरा तपशिलात सांगते. माणसाला खोलीत बसवायचं, डोळ्यांच्या पातळीवर प्रकाश १० लक्सच्या आत ठेवायचा आणि दर अर्ध्या तासाने लाळेचा नमुना घ्यायचा: कापसाची छोटी गुंडाळी तोंडात घोळवायची, चावायची, नळीत टाकायची, वेळ लिहायची, लगेच थंड करायची. नमुन्याआधी निदान पाच-दहा मिनिटं माणूस बसलेला हवा, कारण उभं राहण्या-बसण्याने मेलाटोनिनची पातळी बदलते. त्या संध्याकाळी कॉफी, चॉकलेट, केळं नको. ब्रश करायचा नाही, हिरड्यांतून रक्त आलं तर नमुना वाया. सगळं नीट चाललेलं असतं आणि मग माणूस स्वच्छतागृहात जातो, तिथला पांढरा दिवा लावतो, आरशासमोर दोन मिनिटं उभा राहतो. किंवा फ्रिज उघडतो. किंवा कंटाळून मोबाइल काढतो. वहीत या गोष्टींची नोंद नसते, पण पुढच्या दोन नमुन्यांच्या आकड्यांत ती दिसते. म्हणून स्वच्छतागृहातही आधीच मंद तांबडा दिवा लावून ठेवा आणि मोबाइल सरळ दाराबाहेर ठेवायला सांगा.

आणखी एक: नमुने घेणं नेहमीच्या झोपेच्या वेळेनंतर किमान तासभर चालू ठेवा. रात्री अकराला नमुने थांबवणारा आराखडा रुग्णांमध्ये डीएलएमओ पकडूच शकत नाही. मग ‘ठरवता आला नाही’ म्हणून नेमके सर्वांत उशिराचे रुग्ण गाळले जातात आणि उरलेल्यांवर निष्कर्ष निघतो. लाळेतली ३ किंवा ४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा बहुतेक ठिकाणी वापरतात. काहींचं मेलाटोनिन जन्मतःच इतकं कमी असतं की ते ही रेषा फार उशिरा ओलांडतात किंवा ओलांडतच नाहीत. त्यांच्यासाठी त्यांच्याच दिवसाच्या पातळीवरून काढलेली मर्यादा लागते. कोणती पद्धत वापरणार ते नमुने तपासायला पाठवण्याआधी लिहून ठेवा, आकडे पाहून निवडू नका.

डीएलएमओ काढल्यावर एक अडचणीची गोष्ट समोर येते. २०१७ मध्ये मरे आणि सहकाऱ्यांनी डीएसपीडीचं निदान असलेल्यांचा डीएलएमओ तपासला, तेव्हा ५७ टक्क्यांमध्येच तो इच्छित झोपेच्या वेळेच्या नंतर होता. बाकी ४३ टक्क्यांचं घड्याळ तसं वेळेवर होतं, तरी ते उशिरा झोपत होते. लक्षणं जवळपास तीच. आता या सगळ्यांना एकाच पोत्यात भरून प्रकाशसंवेदनशीलता मोजलीत तर जवळजवळ निम्मे लोक असे असतील ज्यांच्या तक्रारीशी घड्याळाचा संबंधच कमी आहे. म्हणून निदानावर भरोसा ठेवून गट पाडू नका. डीएलएमओ आधी, गट नंतर. खर्च वाढतो हे मान्य, पण तो टाळून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष कुठल्या रुग्णांना लागू होतो हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

प्रकाश मोजण्याबाबत थोडक्यात. लक्समीटर टेबलावर आडवा ठेवून आकडा लिहू नका. डोळ्याच्या जागी, नजरेच्या दिशेला तोंड करून धरा. छताच्या दिव्याखाली आडवा आणि उभा यांत दुप्पट-तिप्पट फरक सहज पडतो. लक्स हे एकक डोळ्याच्या दिसण्याच्या यंत्रणेसाठी बनलं आहे, मेलानोप्सिनसाठी नाही. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने २०१८ मध्ये मेलानोपिक, म्हणजे मेलानोप्सिनच्या प्रतिसादावर आधारलेल्या, मापनाचं प्रमाण ठरवून दिलं आहे, तेच वापरा. उबदार पिवळ्या एलईडीचे १०० लक्स मेलानोपिक मापात साधारण निम्मे भरतात. त्याच मापात २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने दिवसा डोळ्यांशी किमान २५०, झोपेआधीच्या तीन तासांत कमाल १० आणि झोपेत कमाल १ अशी शिफारस केली. पण निळ्याच्या नादी फार लागू नका. प्रकाश मंद असताना आणि संपर्काच्या सुरुवातीच्या काळात शंकूपेशीही या कामात हातभार लावतात, हे गूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हिरव्या प्रकाशावर दाखवलं आहे. निळा गाळणारा चष्मा लावून लख्ख उजेडात बसण्यापेक्षा दिवाच कमी केलेला बरा. मनगटावरच्या संवेदकाचं म्हणाल तर लांब बाही आली की तो रात्र दाखवतो. गळ्यातला किंवा चष्म्याला अडकवलेला संवेदक जास्त भरवशाचा.

संवेदनशीलता म्हणून नेमकं काय मोजणार हेही ठरवावं लागेल. मेलाटोनिन किती दबलं, लय किती सरकली, निळ्या प्रकाशानंतर बाहुली किती वेळ आकसलेली राहिली आणि माणसाला स्वतःला दिवा किती नकोसा वाटला, असे चार पर्याय आहेत. पहिले तीन मेलानोप्सिनशी निगडित, तरी एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. मेलाटोनिनचं दबणं आणि लयीचं सरकणं हे एकमेकांपासून सुटू शकतात, हे २०१८ मध्ये रहमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे. खर्च आणि वेळ पाहता प्रबंधासाठी मेलाटोनिनचं दबणं हे मुख्य माप घ्या. बाहुलीची चाचणी काही मिनिटांत उरकते, ती जोडीला घ्या. दिवा खुपण्याची प्रश्नावलीही द्या, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न, खुपणं आणि घड्याळ यांचा संबंध आहे की नाही, आकड्यांत तपासता येईल. लय किती सरकली ते मोजायला माणसाला अनेक दिवस प्रयोगशाळेत ठेवावं लागतं, ते एकट्याचं काम नाही.

माझा आराखडा साधारण असा असता. सहभागी निवडून झाल्यावर दोन आठवडे ॲक्टिग्राफ आणि प्रकाशसंवेदक. त्यातला दुसरा आठवडा बांधलेला: प्रत्येकाने स्वतःच्या उठण्याच्या वेळेनंतर पहिल्या दोन-तीन तासांत ठरावीक वेळ बाहेर उजेडात काढायची आणि झोपेआधी तीन तास दिवे ठरलेल्या मर्यादेत. यामुळे रुग्ण आणि निरोगी यांचा प्रकाशाचा पूर्वेतिहास जवळ येतो. मग एक मंद रात्र, जी डीएलएमओही देते आणि तुलनेचा पायाही. त्यानंतर आठवड्याच्या अंतराने वेगवेगळ्या तीव्रतेच्या रात्री, क्रम चिठ्ठ्या टाकून, आणि प्रकाश सुरू होण्याची वेळ प्रत्येकाच्या डीएलएमओवरून. तीव्रता निवडताना १,००० लक्सच्या मोहात पडू नका, तिथे जवळपास सगळ्यांचंच मेलाटोनिन दबतं आणि फरक पुसला जातो. खरी माहिती ५ ते २०० लक्सच्या पट्ट्यात आहे. दबण्याचं प्रमाण त्याच व्यक्तीच्या मंद रात्रीशी तुलना करून काढा, तीव्रता लॉगमध्ये घ्या आणि प्रत्येकाचा अर्ध्या दबावाचा बिंदू, म्हणजे मेलाटोनिन निम्म्याने दाबणारी तीव्रता, मिश्र प्रारूप (मिक्स्ड मॉडेल) या संख्याशास्त्रीय पद्धतीने काढा. तीन तीव्रता आणि वीस माणसं जमली तरी तो एका तीव्रतेच्या साठ माणसांपेक्षा जास्त सांगणारा अभ्यास होईल.

ऋतूची नोंद ठेवा. अर्धे रुग्ण उन्हाळ्यात आणि निरोगी गट पावसाळी दिवसांत असं झालं तर सगळं मुसळ केरात.

औषधांची यादी सहभागी निवडतानाच घ्या. रक्तदाब-हृदयविकारावरची बीटा-ब्लॉकर औषधं आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं मेलाटोनिन कमी करतात. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातलं सिटॅलोप्रॅम घेतल्यावर प्रकाशाने मेलाटोनिन जास्त दबतं, असं दिसलं आहे. उशिराच्या झोपेच्या रुग्णांत नैराश्याचे उपचार चालू असलेले बरेच असतात, त्यामुळे हा मुद्दा शेवटच्या पानावरच्या मर्यादांमध्ये ढकलण्यासारखा नाही. वयही तसंच. लहान मुलांचं मेलाटोनिन प्रकाशाने फार जोरात दबतं आणि उतारवयात डोळ्यातलं भिंग पिवळं पडून निळा प्रकाश आतच कमी पोहोचतो. तेव्हा दोन्ही गटांची वयं जुळवून घ्या.

आता तुमच्या स्वतःच्या झोपेकडे वळते. समजा तुमचा डीएलएमओ रात्री दीडला आहे. तापमानाचा नीचांक त्यानंतर साधारण सात तासांनी, म्हणजे साडेआठला. लोकांचा सल्ला ऐकून तुम्ही सहाचा गजर लावता आणि डोळे चोळत उन्हात उभे राहता. तो उजेड तुमच्या नीचांकाच्या आधी पडतो आणि लय उलट आणखी उशिराकडे जाते. ‘सकाळचं ऊन घेऊनही फरक नाही’ ही तक्रार मी सतत ऐकते आणि बहुतेक वेळा हिशेब असाच निघतो. सुरुवातीला स्वतःहून जाग येते त्या वेळी किंवा फार तर तासभर आधी उठा आणि लगेच बाहेर पडा. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स असतात, भर उन्हात लाखभर, आणि खोलीत दोन-तीनशेही कष्टाने. मग दर एक-दोन दिवसांनी उठण्याची वेळ पंधरा ते तीस मिनिटं अलीकडे आणा. जोडीला संध्याकाळ मंद करा. तुम्ही खरोखर संवेदनशील असाल तर तुमच्यासाठी मंद म्हणजे १० लक्सच्या आसपास, ‘बऱ्यापैकी अंधूक’ नव्हे. झाइट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००० च्या अभ्यासात सुमारे १०० लक्सनेच ९,००० लक्सच्या निम्मा परिणाम साधला होता, आणि ती सरासरी होती. उजेड आणि अंधार दोन्ही भरपूर मिळाले तर काय होतं, हे केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये दाखवलं: एक आठवडा तंबूत राहून फक्त सूर्य आणि शेकोटीच्या प्रकाशात काढल्यावर सहभागींची लय सुमारे दोन तास अलीकडे आली, आणि उशिरा झोपणाऱ्यांची जास्त आली.

औषध म्हणून घ्यायच्या मेलाटोनिनच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत अर्धा मिलिग्रॅम, इच्छित झोपेच्या तासभर आधी आणि झोपेच्या ठरलेल्या वेळापत्रकासह दिल्यावर झोप सरासरी ३४ मिनिटं लवकर लागली. पण तिथे सगळ्यांचा डीएलएमओ आधी तपासून उशिराचं घड्याळ असलेलेच रुग्ण घेतले होते. रोज तीन तास उशिरा झोपत पूर्ण फेरी मारण्याची १९८१ ची जुनी पद्धत मी सुचवत नाही. काही जण त्यानंतर रोजच सरकत राहतात आणि चोवीस तासांना बांधलेच जात नाहीत. कुटुंबात किंवा स्वतःला द्विध्रुवीय (बायपोलर) विकाराचा इतिहास असेल, दृष्टिपटलाचा आजार असेल किंवा त्वचा-डोळे प्रकाशाला हळवे करणारी औषधं चालू असतील, तर तीव्र प्रकाशाच्या पेटीला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका. सकाळच्या तीव्र प्रकाशाने उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो.

तुमच्या जागी मी असते तर एक गोष्ट आवर्जून तपासली असती. जो डोळा संध्याकाळच्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतो, तो सकाळच्या प्रकाशालाही तितकाच देतो का? देत असेल तर संवेदनशील रुग्णांना उपचार लवकर लागू पडायला हवेत आणि त्यांना मंद, सुसह्य प्रकाशही पुरायला हवा. हे प्रबंधाच्या आवाक्यात आहे: आधी मेलाटोनिनवरून संवेदनशीलता मोजा, मग सर्वांना सकाळच्या प्रकाशाचा सारखाच कार्यक्रम द्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा डीएलएमओ काढा.

स्वतःला अभ्यासात घ्यावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. पायलटसाठी, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीसाठी, जरूर घ्या. एक पूर्ण मंद रात्र स्वतः बसून काढलीत की कोणत्या वाजता माणूस चिडतो, कापूस कधी कोरडा येतो, दार उघडल्यावर किती उजेड आत येतो हे सगळं कळेल आणि सूचनापत्रक नीट लिहिता येईल. मुख्य विश्लेषणात मात्र तुमचा विदा नको. तुम्हाला गृहीतक माहीत आहे आणि ते खरं ठरावं अशी इच्छाही आहे. शिवाय नैतिक समितीकडे अर्ज करताना तुमचा स्वतःचा उपचार चालू आहे का आणि तो अभ्यासकाळात बदलणार आहे का, हे लेखी द्या. समिती तो प्रश्न विचारतेच.